भुकटीबुवांचा समुद्र

संस्थेत त्यांचं खरं नाव फक्त दोघांना माहीत होतं, पगार काढणाऱ्या कारकुनाला आणि त्यांना स्वतःला. बाकी साऱ्यांसाठी ते भुकटीबुवा. एकदा टपालवाल्याने त्यांचं पूर्ण नाव घेऊन चौकशी केली, तर फाटकावरच्या माणसाने "असं इथं कुणी नाही" म्हणून टपाल परत पाठवलं होतं. फाटकावरचा माणूस त्यांच्याबरोबर रोज जेवायला बसायचा.

काम नावाप्रमाणेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे समुद्राचा तळ होता तिथे आता डोंगर उभे आहेत. त्या डोंगरांच्या पोटात भोक पाडून दगडाच्या लांबलचक कांड्या काढायच्या, त्या उभ्या चिरून अर्धी बाजू फळीवर जपून ठेवायची आणि उरलेल्या अर्ध्या बाजूचे तुकडे भुकटीबुवांकडे पाठवायचे. बुवा ते क्रशरमध्ये टाकून फोडायचे, मग चक्कीतून काढून पिठासारखे मऊ करायचे. ते पीठ वरच्या मजल्यावरच्या महागड्या यंत्रात जायचं, आणि त्या यंत्राने दिलेल्या आकड्यांवरून साहेबलोक सांगायचे की त्या काळी समुद्राचं पाणी कसं होतं, गरम की गार, खारट किती, त्यात प्राणवायू होता की संपला होता. दगड होता तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याचं पीठ झालं की परदेशातून माणसं बघायला यायची.

भुकटीबुवांची खोली जिन्याखाली होती. वर एक धूळ ओढणारा पंखा, मध्ये दोन पोलादी जबड्यांचा क्रशर, कोपऱ्यात चक्की. खोली अशी लखलखीत की जेवायला बसावं. दर दगडानंतर बुवा जबडे ब्रशने घासायचे, हवेच्या नळीने फुंकायचे, स्पिरिटने पुसायचे आणि वर मूठभर पांढरी वाळू फोडून ती फेकून द्यायचे, म्हणजे आधीच्या दगडाचा कणही पुढच्यात जायला नको. बुटांना प्रवेश नाही. अंगठी घालून आलेल्या कारकुनाला त्यांनी दारातूनच परतवलं होतं. "तुमचं सोनं माझ्या दगडात पडलं, तर मॅडम उद्या सोन्याची खाण शोधत बसतील!" हा विनोद त्यांनी इतक्यांना सांगितला होता की ऐकणारा आधीच हसून मोकळा व्हायचा.

स्वच्छतेचं वेड होतं तसं दुसरंही एक होतं. कुरकुर त्यांना सहन होत नसे. दार कुरकुरलं, खुर्ची कुरकुरली, पंखा कुरकुरला की बुवा तेल नाहीतर ग्रीस घेऊन हजर. आपण एका हाताने धुतो आणि दुसऱ्या हाताने माखतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला माणसाने स्वतःकडे जरा बाजूने बघावं लागतं, आणि बुवा स्वतःकडे नेहमी समोरून, तेही कौतुकानेच बघायचे.

एवढ्या वर्षांत त्यांच्या पिठावर ढिगांनी लेख छापून आले. एकातही त्यांचं नाव नव्हतं. शेवटी आभार असायचे, तिथे यंत्राचं नाव असायचं, निधी देणाऱ्यांचं असायचं, एकदा तर ड्रायव्हरचं होतं. बुवांच्या वाट्याला 'तांत्रिक कर्मचारी' एवढंच. त्यांना पगारवाढ नको होती, खुर्ची नको होती. छापील कागदावर आपलं नाव, आडनावासकट, एकदा बघायचं होतं. बायको म्हणायची, "लग्नपत्रिकेवर छापलंय की." पण ती पत्रिका परदेशात कुणी वाचलेली नव्हती.

दुसरं दुखणं होतं साडूचं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मशीनचे सुटे भाग, तेलं, वंगणं यांचं त्याचं दुकान होतं आणि त्याची जीभ त्याच्या मालाइतकीच बुळबुळीत होती. चार पाहुणे जमले की तो हमखास विचारायचा, "काय साडूभाऊ, फुटले का दगड? की अजून विचार करतायत?" पाहुणे हसायचे. बुवाही हसायचे, आणि घरी येऊन पाणी न पिता झोपायचे. असंच एकदा बुवा बोलून गेले की क्रशर हल्ली फार किंचाळतो. साडूने दुकानातून एक काळ्या ग्रीसचा डबा आणून त्यांच्या हातात ठेवला. "घ्या, भारीतलं आहे. माझ्याकडून तुमच्या विज्ञानाला आहेर." फुकटचं ते पौष्टिक. बुवांनी दुसऱ्याच दिवशी क्रशरच्या वरच्या बिजागरीत ग्रीस बोटं भरभरून कोंबली. क्रशर लोण्यासारखा चालायला लागला.

आता मॅडमबद्दल. मॅडम विभागप्रमुख. हुशार, कष्टाळू, आणि मनातून फार दुःखी. कारण या धंद्यात प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर एकेक आपत्ती असते. कुणाची उल्का, कुणाचे ज्वालामुखी, कुणाचा बर्फ. मॅडमच्या नावावर होते ते फक्त 'सावकाश झालेले बदल'. सावकाश बदलाला व्याख्यानाला कोण बोलावतं? लाखो वर्षांत समुद्र किंचित कोमट झाला, चुना किंचित कमी साठला, असं सांगितलं की पहिल्या रांगेतले लोक घड्याळ बघतात आणि मागच्या रांगेतले बघायचेही कष्ट घेत नाहीत.

त्या वर्षी मॅडमची एक नवी कांडी आली, काळपट चिखलाच्या दगडाची. बुवांची शिस्त अशी की तळापासून सुरुवात करायची आणि क्रमाने वर यायचं, जसा समुद्राने तो थर साठवला तसाच. इतर ठिकाणी मुद्दाम नमुने उलटसुलट करून फोडतात, हे त्यांनी ऐकलं होतं आणि त्या लोकांना गबाळे ठरवलं होतं. कांडी फोडून झाली, पीठ वर गेलं, आणि एके दुपारी मॅडम चपलांसकट बुवांच्या खोलीत धावत आल्या.

"भुकटीबुवा, सापडला! माझा समुद्र गुदमरला होता!"

बुवांनी आधी चपलांकडे पाहिलं, पण प्रसंग ओळखून गप्प राहिले.

मॅडमनी समजावून सांगितलं, आणि पुढे वर्षभर बुवा तेच सगळ्या नात्यागोत्याला समजावत राहिले. समुद्राच्या पाण्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू विरघळलेला असतो. पाण्यात प्राणवायू असेतोवर तो निवांत पाण्यात फिरतो, खाली बसायचं नावच घेत नाही. पण प्राणवायू संपला, तळ कुजला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला, की तो भराभर तळाच्या चिखलात जाऊन बसतो. चिखलाचा दगड होतो. म्हणजे ज्या थरात मॉलिब्डेनम फार, तो थर साठला तेव्हा समुद्र गुदमरलेला. आणि मॅडमच्या कांडीत ते एका जागी एकदम आभाळाला टेकलं होतं, मग वर येता येता हळूहळू कमी होत गेलं होतं. तडकाफडकी गुदमरणं आणि सावकाश सावरणं. आकृती इतकी देखणी की मॅडमनी ती चौकटीत घालून टेबलावर ठेवली, नवऱ्याचा फोटो जरा मागे सरकवून.

मग काय, मॅडमना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सगळे टपलेलेच होते. छोटा लेख छापून आला. आमंत्रणं आली. संस्थेच्या सभागृहात जाहीर व्याख्यान झालं. तिथे एका परक्या पाहुण्याने उठून विचारलं, "याच थरात किड्यांनी केलेली बिळं दिसतायत. तळाला प्राणवायूच नव्हता, तर किडे जगले कसे?" मॅडम गोड हसल्या. म्हणाल्या, "काही किडे हट्टी असतात." सभागृह खळखळून हसलं. सगळ्यात मोठ्याने भुकटीबुवा हसले. पाहुणा बिचारा खाली बसला. एका चांगल्या प्रश्नाचा विनोद झाला आणि सगळे खूश होऊन चहाला गेले.

चहाच्या वेळी मॅडमनी बुवांना जवळ बोलावून चारचौघांत सांगितलं, "हे सगळं यांच्या हातांमुळे. इतकं स्वच्छ पीठ दुसरं कुणी देत नाही. आता मोठा लेख लिहितेय. त्याच्या आभारांत यांचं नाव असणार, पूर्ण नाव." बुवांनी बशीतला चहा बशीतच सोडला.

त्या दिवसापासून बुवांची चाल बदलली. साडूच्या घरी आता त्यांना मधल्या खुर्चीवर बसवत. लोक विचारत, "मग मासे बिसे सगळे मेले?" बुवा मान हलवून म्हणत, "सगळे. एकजात." बायका हळहळत. कधीच न बघितलेल्या माशांसाठी लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणं ही काही साधी गोष्ट नाही. आणि साडू कोपऱ्यात बसून सुपारी कातरत राही.

साडूच्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या रविवारी जेवणं उरकली होती. मुलाच्या वडिलांनी अगत्याने विचारलं आणि बुवा सुरू झाले. मॉलिब्डेनम, चिखल, सडकी अंडी, सगळं झालं. मुलीकडे कुणी बघेना. साडूला हे सोसवेना. आपल्या घरात, आपल्या खर्चाने, आपल्या मुलीच्या बघण्याला या दगडफोड्याने मैफल मारावी म्हणजे काय?

"मॉलिब्डेनम, मॉलिब्डेनम काय लावलंय!" तो म्हणाला. "एवढं काय अप्रूप त्याचं? माझ्या दुकानात डब्याने मिळतं. तुम्हाला नाही का दिला होता तो काळा डबा? त्याचीच ग्रीस ती. म्हणून तर एवढी भारी."

पाहुणे हसले. बुवांनी हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. ग्रीस लावली तो दिवस, कांडीच्या मधल्या तुकड्यांचा पहिला दिवस. एकदम आभाळाला टेकलं. मग रोज फोडता फोडता बिजागरीतली ग्रीस झिजत, वितळत, टिपकत गेली. हळूहळू कमी होत गेलं. समुद्र सावरत नव्हता. ग्रीस संपत होती.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"पाणी," बुवा म्हणाले. ते पाणी त्यांनी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिजागरीखाली पांढरं फडकं फिरवलं. फडकं काळं झालं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्यांना त्या फडक्याने शिकवलं. दोन दिवस ते मूग गिळून गप्प बसले. मोठा लेख अजून छापायला जायचा होता. कुणाला काही ठाऊक नव्हतं. साडूला तर तो काय बोलून गेला हे सात जन्म कळलं नसतं. बोललं नाही तर नाव छापून येणार होतं. बोललं तर नाव जाणारच, वर इतक्या वर्षांची स्वच्छतेची कीर्तीही जाणार. बुवांना रडू आलं. क्रशरला टेकून ते खरोखर रडले, आणि रडून झाल्यावर सवयीने क्रशर पुसला.

तिसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

मॅडमनी चौकटीतली ती आकृती हातात घेतली. मग म्हणाल्या, "असंही असेल की दगडातही खूप आहे आणि ग्रीसचं थोडंसंच आलंय. नाही का?"

"असेल," बुवा म्हणाले. त्यांनाही ते हवंच होतं.

"फळीवरची दुसरी अर्धी बाजू आहे. ती फोडा. पुन्हा मोजू." बुवा दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. "आणि बुवा, क्रशर तसा जुना आहे. उगाच कोरडा चालवून जबडा मोडून घेऊ नका. जे लागेल ते लावा. मी काही विचारणार नाही."

बुवा जिना उतरले. मॅडमनी काय म्हटलं ते त्यांना कळलं, आणि मॅडमना ते कळावं असंच वाटत होतं, हेही कळलं. बाई वाईट नव्हती. जन्मभर सावकाश बदल मोजत बसलेल्या माणसाच्या पदरात एकदाच वादळ पडलं होतं, आणि ते खोटं निघतंय हे सहन होत नव्हतं. बुवांचं तरी काय वेगळं होतं?

डब्याच्या तळाला थोडी ग्रीस शिल्लक होती. बुवा डबा उघडून बसले. दोन बोटं ग्रीस, आणि समुद्र पुन्हा मरणार. मासे एकजात मरणार. मॅडम दौऱ्यावर जाणार, बुवा मधल्या खुर्चीवर बसणार, नाव छापून येणार. त्यांनी बोटं बुडवलीही. मग ती बोटं घेऊन ते जबड्यांपाशी गेले, आणि तिथे त्यांचा हात अडला. सत्याबित्याचा विचार त्यांच्या मनात आला असं म्हणवत नाही. एवढंच झालं की घासूनपुसून चकचकीत केलेल्या जबड्याला ती घाण मुद्दाम लावणं त्यांच्याने होईना. चुकून लावली ती गोष्ट निराळी. जाणूनबुजून आपल्याच खोलीत थुंकायचं कसं?

त्यांनी बोटं पुसली, बिजागरी उघडली, रॉकेलने धुतली, साबणाने धुतली, स्पिरिटने धुतली. मग दुसरी अर्धी बाजू कोरड्या क्रशरमध्ये फोडायला घेतली. क्रशर असा किंचाळत होता की वरच्या मजल्यावरून लोक कान झाकून खाली आले. बुवांनी कानांत कापूस घातला आणि फोडत राहिले.

आकडे आले. सपाट. शेतातल्या बांधाइतकाही उंचवटा नाही. समुद्र गुदमरला नव्हता. लाखो वर्षांत किंचित कोमट झाला होता, चुना किंचित कमी साठला होता, किडे तळाशी आपली बिळं करत मजेत राहिले होते. मॅडमनी ते पाहिलं, मोठा लेख कपाटात ठेवला, नवऱ्याचा फोटो पुढे ओढला आणि तीन दिवस रजा घेतली.

बुवांना मात्र एक अनपेक्षित आनंद झाला. वर्षभर त्यांनी त्या माशांना मारलं होतं, आणि आता ते सगळे जगले होते. पुढच्या रविवारी साडूच्या घरी त्यांनी उत्साहाने ही बातमी सांगितली. "मेले नव्हते! सगळं ठीक होतं!" लोकांनी "अस्सं?" म्हटलं आणि भाव कुठल्या वस्तूचे वाढले ते बोलायला लागले. मेलेल्या समुद्राभोवती गर्दी होती, जिवंत समुद्राला कुत्रं विचारीना. मधली खुर्ची गेली. साडूला मात्र पुरती हकिगत कळल्यावर तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगू लागला, "आमच्या एका डब्यात अख्खा समुद्र मेला होता. विचारा आमच्या साडूला. घ्या, दोन डबे देऊ?"

छोटा लेख छापून झाला होता, त्यामुळे त्याची दुरुस्ती छापणं भाग होतं. काही महिन्यांनी ती आली. कारकुनाने अंक बुवांच्या खोलीत आणून दिला, अंगठी बाहेर काढून ठेवून. बुवांनी तो घरी नेला आणि बायकोसमोर उघडला. दुरुस्ती जेमतेम चार ओळींची होती. नमुने फोडताना यंत्राच्या वंगणातून दूषण झाल्यामुळे निष्कर्ष मागे घेत आहोत, हे वंगण अमुक यांनी लावलं होतं. आणि त्या 'अमुक'च्या जागी बुवांचं नाव होतं. आडनावासकट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

बुवांनी ते तीनदा वाचलं. त्यांना लाज वाटली. आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं, याची त्यांना आणखी लाज वाटली.

बायकोने अंक हातात घेतला. परक्या भाषेतल्या ओळींवरून बोट फिरवत ती नवऱ्याच्या नावापाशी थांबली, मग पुढे गेली, मग पुन्हा वर आली.

"मॅडमचं नाव कुठाय?"

"हे काय, सगळ्यात वर. लेख त्यांचाच."

"तिथलं नव्हे हो. चुकीतलं."

"चूक माझी होती. ग्रीस मी लावली."

"ग्रीस तुम्ही लावली, सांगितलीतही तुम्हीच. आणि मॅडम वर्षभर गावोगाव टाळ्या घेत फिरल्या, कुणी शहाण्याने काही विचारलं तर हसण्यावारी नेलं, वर तुम्हाला जे लागेल ते लावा म्हणाल्या. ती चूक कुणाची? ती का नाही छापली?"

भुकटीबुवांनी उत्तर शोधलं. मॅडमची बाजू घ्यायची त्यांना जुनी सवय होती.

"अगं, त्याला चूक म्हणत नाहीत," ते म्हणाले. "त्याला संशोधन म्हणतात."

हे बोलून ते हसणार होते. पण बायको हसली नाही, आणि मग त्यांनाही हसता आलं नाही.